हाताकडं नव्हे, तोंडाकडं

नागूबाईला हल्ली कुणी "कशा आहात मावशी?" असं विचारलं, की ती काही बोलत नाही, नुसता उजवा हात पुढं करते. अंगठा मुळापासून सुजलाय. सकाळी तर पाण्याचा तांब्या धरवत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगठ्यांची हाडं आत दाबली, आता स्वतःचं हाड बोलायला लागलं. "आता बास झालं, दुकान मोडते," असं ती म्हणते आणि पुढच्या बाईचा हात मांडीवर घेते. हे 'आता बास' नळदुर्गातल्या बायका इतकी वर्षं ऐकताहेत, की त्याला कुणी कान देत नाही.

तिचं बांगड्यांचं दुकान म्हणजे बाजारपेठेतली एक अरुंद खोली. भिंतीला काचेच्या बांगड्यांच्या माळा, खाली सतरंजी, सतरंजीवर नागूबाई. दाराशी एक लोखंडी खुर्ची आणि त्या खुर्चीत तिचा नवरा गुंडाप्पा. गुडघे गेल्यापासून त्याला दुसरा उद्योग नाही. आल्यागेल्याला टोमणे मारायचे, हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकून कुठली गाडी ते ओळखायचं आणि चहा मागवायचा.

बांगडी भरणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. करून बघा एकदा! काचेला माप असतं. दोन-चार म्हणजे लहान, दोन-सहा मधली, दोन-आठ मोठी. मोठी घातली तर धुणं धुताना आपटून जाते, लहान घातली तर चढताना कातडं सोलते. नागूबाई आधी हात चोळते, साबणाचं बोट लावते, माहेरच्या गोष्टी काढते. बाई बोलण्यात रमली की तेवढ्यात अंगठा दाबून बांगडी आत. "दुखलं का गं?" असं न विचारता तिनं एकही बांगडी कधी चढवली नाही. हे तिला सासूनं शिकवलेलं. सासू म्हणायची, "बाईला दुखवणारे घरी हायतच की, आपुन कशाला भर घालायची?"

अशा या दुकानात शिवपुत्र पहिल्यांदा आला तो बायकोला घेऊन. हायवेवर त्याचा वजनकाटा आहे, मालाच्या गाड्या तोलायचा. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. दारू नाही, तंबाखू नाही. आवाज चढलेला कधी कुणी ऐकला नाही. बायको श्रीदेवी येणेगूरकडची, गव्हाळ रंगाची, बोलायला अगदी मऊ.

आता बांगडीच्या दुकानात नवऱ्यानं येणं ही आमच्याकडं साधी गोष्ट नाही. नवरे पायरीखाली थांबतात, मोबाइल बघतात, "झालं का न्हाय अजून?" म्हणून खेकसतात. शिवपुत्र आत येऊन बायकोजवळ बसायचा. रंग निवडायचा, माप सांगायचा.

"मावशी, दोन-चार द्या. घट्ट बसलेल्या शोभतात हिला."

"अवो, हिचा हात दोन-सहाचा हाय. सोलंल की."

"तुमच्या हातात कसब हाय मावशी. चढतील."

आणि चढायच्या. श्रीदेवीच्या डोळ्यांत पाणी यायचं, ती ओठ चावायची, तो जवळ बसून बघत राहायचा. पायरीवर थांबलेल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या, "बघ गं, नवरा असावा तर असा! न्हाय तर आमचं ध्यान." नागूबाईनं तर त्याचं नाव तालुकाभर फिरवलं. अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत बसू दे, तुळजापूरला नवरात्रात बसू दे, कुणी नवऱ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं की ही शिवपुत्राचा दाखला द्यायची. त्यात धंद्याची गोडीही होतीच, खोटं कशाला बोला. श्रीदेवीच्या हातात बांगड्या टिकायच्याच नाहीत. महिना सरत नाही तोवर जोडपं परत दारात.

"एवढ्या कशा गं वाढवतीस?" नागूबाई विचारायची. सवाष्णीची बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं.

"काम लई असतंय मावशी," श्रीदेवी नवऱ्याकडं न बघता सांगायची.

एकदा मात्र बांगडी चढतानाच तडकली. काच मनगटात घुसली, रक्ताची धार लागली. नागूबाईनं हळद दाबली आणि माठातलं पाणी मागायला मान वर केली. समोर शिवपुत्राचं तोंड होतं. माणूस घाबरतो, निदान चिडतो. हा तसा काहीच दिसत नव्हता. दिवसभराच्या उपासानंतर पहिला घास तोंडात गेल्यावर माणसाचा चेहरा जसा सैलावतो, तसा तो सैलावला होता. आणि तो रक्ताकडं बघत नव्हता, हाताकडं बघत नव्हता. बायकोच्या तोंडाकडं बघत होता.

"पाणी द्या की हो!" नागूबाई ओरडली. तो लगेच उठला, पाणी आणलं, बायकोच्या पाठीवरून हात फिरवला. किती तो जीव! नागूबाईला वाटलं, आपल्याच डोळ्यांचा दोष. मोतीबिंदूची सुरुवात होतीच. तिनं पट्टी बांधली आणि विषय मनातून काढून टाकला.

पुढं श्रीदेवी यायची थांबली. माहेरी गेली आणि तिकडंच राहिली. गावात बोलायला काय जातंय? मूल होईना म्हणे, डोक्यावर परिणाम झाला म्हणे. देवमाणूस बिचारा एकटा पडला म्हणून लोक हळहळले, आणि त्या हळहळीत फारकतीचे कागदही होऊन गेले.

हे सगळं नागूबाई विसरून गेली असती, पण एक दिवस अणदूरहून तिची भावजय सिद्धम्मा पेढ्यांचा पुडा घेऊन आली. नागूबाईचा भाऊ तीन वर्षं अंथरुणावर होता. त्याचं करता करता त्यांच्या शिवकन्येनं तिशी ओलांडली. भाऊ गेला, पोरगी राहिली. बिनबापाची, तिशीपुढची, तिला स्थळ येईना. आणि आता आलं होतं.

"आक्का, आपल्या शिवकन्येला मागणी आली. शिवपुत्राची! हुंडा नको, मानपान नको. साखरपुडा बी उरकून टाकला, तुमाला बोलवायला बी सवड न्हाय झाली. त्यो स्वतः बोलला, तुमची भाची म्हणल्यावर डोळे झाकून हो."

नागूबाईच्या हातातला पेढा हातातच राहिला. डोळ्यांपुढं ते सैलावलेलं तोंड आलं. सिद्धम्मा मांडवाचं, आहेराचं, चुड्याचं बोलत होती, आणि नागूबाईला आठवत होतं ते एवढंच, की त्या माणसाचा कधी हाताकडं डोळा नव्हता.

सिद्धम्मा गेल्यावर ती गुंडाप्पाला म्हणाली, "मला त्या माणसाचं बरं वाटंना."

"का? पितो?"

"न्हाय."

"चिडका हाय? संशयी हाय? पहिलीचे दागिने मोडून खाल्ले?"

"न्हाय वो."

"मग मारंल कशाला?" गुंडाप्पा म्हणाला. त्याच्या हिशेबात बायकोला मारायला तीनच कारणं, दारू, राग आणि पैसा. तरुणपणी पहिल्या कारणानं त्यानंही एकदा नागूबाईवर हात टाकला होता, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मान वर केली नव्हती. गावाचं मापही तेच. या तिघांतलं काही नसलं की माणूस चांगला. नागूबाईचंही इतके दिवस तेच माप होतं.

तिनं दुसऱ्या दिवशी बांगड्यांची टोपली घेतली आणि येणेगूरची एसटी धरली. फाट्यावर उतरून शेताच्या वाटेनं श्रीदेवीच्या माहेरी गेली. अंगठा ठणकत होता, उन्हानं डोकं भणभणत होतं. वाटेत दोनदा तिच्या मनात आलं, परत फिरावं, आपलं काय अडलंय. शिवकन्येचं तोंड आठवलं की पाय पुढं पडत होते.

श्रीदेवी गोठ्यापाशी शेण काढत होती. हातांत काचेचं काही नाही, एकेक स्टीलची कडी. नागूबाईला बघून ती आधी टोपलीकडं बघत राहिली.

"काचेचं नको मावशी. आवाज सोसत न्हाय."

नागूबाई तिथंच दगडावर टेकली. म्हणाली, "बांगड्या विकायला न्हाय आले. माझी भाची त्याला देत्यात. तू खरं काय ते सांग, पोरी."

 श्रीदेवी खराट्यानं जमीन झाडता झाडता, वर न बघता बोलली.

"तो चिडत न्हाय मावशी. चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेला माणूस दमतो, ह्यो दमत न्हाय. आदी इचारतो, दुखतंय का. न्हाय म्हणलं की आनखी. व्हय म्हणलं, रडले, की शांत हुतो. पाणी देतो. डोक्यावरनं हात फिरवतो. आन रातचं... ते म्या माझ्या आईला बी न्हाय सांगितलं."

"मग रडून मोकळं व्हायचं की गं."

"तेच केलं. मग तेवढ्यानं त्याचं भागंना. मग दात आवळून बसायला शिकले, रडायचंच न्हाय म्हणून. तर म्या पाळलेलं मांजर हुतं, त्याच्यावर आला. मांजराला तसंच करायचा आन बघायचा माझ्या तोंडाकडं."

नागूबाईनं टोपली मागं सारली. "आन बांगड्या?"

"बांगड्या तोच फोडायचा. एकेक. घाई न्हाय. आन समद्या सपल्या की तुमच्याकडं आणायचा."

हे ऐकून नागूबाईनं डोळे मिटले. इतकी वर्षं ती त्या हातावर साबण लावून दोन-चारच्या बांगड्या चढवत होती, वर "नशीबवान हायेस" म्हणत होती. तिला तिथंच धाय मोकलून रडावंसं वाटलं. पण रडायचा हक्क आपला नाही, असंही वाटलं.

"पोलिसांत का गेली न्हाईस?"

"दाखवू काय? मनगटावरचं म्हणजे बांगडीची काच, असं समद्यांना वाटतं. बाकीचं दाखवायच्या जागी न्हाय. बैठक बसवली तर त्यानं समद्यांदेखत माझी माफी मागितली. रडला. पंच म्हणले, असा नवरा शोधून सापडायचा न्हाय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, मावशी."

"हे एकदा माझ्या भावजयीला सांगशील? म्या संगं असते."

श्रीदेवीच्या हातातला खराटा थांबला. तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटं थरथरत होती. "नुसतं नाव काढलं तर हे असं हुतं. माझ्यानं न्हाय व्हायचं. मला यात वढू नका."

नागूबाईनं तिला आणखी गळ घातली नाही. कसल्या तोंडानं घालणार?

अणदूरला सिद्धम्मानं मात्र तिला उभंच केलं नाही.

"आक्का, तुमीच तर सांगत हुता, नवरा असावा तर शिवपुत्रासारखा! इथल्याच जत्रेत, ह्याच तोंडानं. आता पोरीचं जमायला लागलं तर तुमच्या पोटात का दुखायलंय? टाकलेल्या बाईचं ऐकून माझ्या लेकीच्या अन्नात माती कालवता? हातच्या कांकणाला आरसा कशाला पायजे? माणूस समोर हाय, सोन्यासारखा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ.  नागूबाई उंबऱ्यावर बसून राहिली. सिद्धम्मानं रागारागात भाकरी थापली, रागातच नणंदेपुढं ताट ठेवलं. तिचंही काही चुकत नव्हतं. नवरा गेल्यापासून ती पोर तिच्या छातीवर धोंड्यासारखी होती, आणि आता कुठं तो धोंडा हलत होता.

जेवून हात धुताना नागूबाई म्हणाली, "बरं. माझं खोटं. चुडा तरी माझ्याच हातनं भरशील ना? आत्या हाय म्या तिची."

"त्याला कोण न्हाय म्हणलं?"

"मग नळदुर्गाला दुकानात आण. त्याला बी निरोप धाड."

"नवरदेव चुडा भरताना असतो व्हय?"

"धाड तर खरं. तो न्हाय म्हणायचा न्हाय. आन एक ऐक, सिद्धम्मा. म्या त्या दिवशी पोरीचा हात दुखवणार हाय. मुद्दाम. लई दुखवणार हाय. पोरगी वरडंल. तवा तू तिच्याकडं बघू नको. त्याच्या तोंडाकडं बघ. एवढंच कर माझ्यासाठी. मग म्हणशील तर म्या स्वतः मांडवात नाचते."

सिद्धम्मानं कपाळावर हात मारला. "डोकं फिरलं तुमचं," म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

चुड्याचा दिवस उजाडला तेव्हा नागूबाईला दुकान उघडू नये असं वाटत होतं. तिनं सासूच्या फोटोपुढं उदबत्ती लावली, पण फोटोकडं तिला बघवलं नाही. आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट ती आज मोडणार होती. आणि तेही त्या पोरीच्या हातावर, जिला तिनं जन्मल्यावर पहिली बांगडी घातली होती.

शिवकन्या आली. हिरवी साडी, तोंडावर न सावरणारं हसू. मागं सिद्धम्मा. आणि खरंच, थोड्या वेळानं शिवपुत्रही आला, हातात मिठाईचा पुडा. "लांबून बघतो मावशी, तेवढीच हौस," म्हणाला आणि आत येऊन त्याच्या ठरल्या जागी बसला. शिवकन्या लाजून लाल झाली. सिद्धम्मानं नणंदेकडं अशी नजर टाकली, की बघा, किती सालस!

पहिल्या दोन बांगड्या नागूबाईनं नीट चढवल्या. मग माळेतली दोन-चारची काढली. साबण लावला नाही, हात चोळला नाही. शिवकन्येचा अंगठा धरला आणि जोर लावला. बांगडी हाडावर अडली. तिनं आणखी जोर लावला. तिचा स्वतःचा अंगठा आतून कळ मारून उठला.

"आत्या! आत्या, दुखतंय... आई गं!"

नागूबाईनं सोडलं नाही. कातडं सोललं, पोरगी कळवळली, डोळे घट्ट मिटून तोंड वेडंवाकडं केलं. नागूबाईनं वर बघितलं नाही. त्या माणसाचं तोंड तिनं एकदा बघितलं होतं, पुन्हा बघायची तिला गरज नव्हती. ती बघत होती सिद्धम्माकडं.

सिद्धम्मा आधी लेकीकडंच झुकली होती. आईच ती! मग तिला आठवलं, आणि तिनं मान वळवली. वळवली ती तशीच राहिली. तिच्या तोंडावरचा राग गेला, आणि तिथं काहीच उरलं नाही. उसाच्या फडात पाय टाकताना समोर जनावर दिसावं आणि पाय वरच्या वर थांबावा, तशी ती थांबली.

"शिवकन्ये, ऊठ," ती म्हणाली.

"अगं आई, चुडा अर्धा..."

"ऊठ म्हणते ना. घरी चल."

शिवपुत्र लगेच भानावर आला. "काय झालं आई? पाणी देऊ का?" आवाजात नुसतं लोणी. सिद्धम्मानं त्याला उत्तर दिलं नाही. लेकीचा हात पदरात गुंडाळला आणि पायऱ्या उतरली. मिठाईचा पुडा तिथंच राहिला. तो नंतर गुंडाप्पानं गटारीत टाकला, आणि गुंडाप्पानं मिठाई टाकली यावरूनच काय ते समजा.

शिवकन्या पंधरवडाभर आत्याशी बोलली नाही. मग एक दिवस स्वतःच दुकानात आली. मनगटावर सोललेल्या जागेचा काळा डाग होता. सतरंजीवर बसली आणि विचारलं, "मलाच का न्हाय सांगितलं आत्या?"

"ऐकलं असतंस?"

"न्हाय." ती डागावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "साखरपुड्यानंतर त्यो रोज फोन करायचा. तीन वर्षं अंथरुणावर पडलेले आपले दादा कसे गेले ते इचारायचा. शेवटी काय बोलले, लई तडफडले का, तुला कसं वाटलं. सांगितलं की म्या रडायची. दुसऱ्या दिवशी परत तेच इचारायचा. मला वाटायचं, दादांचं दुख इचारणारा हा पहिलाच माणूस."

नागूबाईनं तिचा हात मांडीवर घेतला आणि खोबरेल तेल चोळत बसली.  पोरगी त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं अणदूरला गेली. पुढं तिनं शिलाईचं मशीन घेतलं. लग्नाचं अजून काही जमलेलं नाही. सिद्धम्मा आता त्यावरून कुणाशी भांडत नाही.

पण लग्न मोडलं त्याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवं. ते बांगडीवालीच्या डोक्यावर फुटलं. हिच्या हातून चुडा अर्धा राहिला, हिचा हात लागला की मांडव मोडतो, असं कुजबुजणं सुरू झालं. नवऱ्या मुली यायच्या थांबल्या. रोजच्या बायका आल्या तरी मोजक्याच बांगड्या घालायच्या आणि उठायच्या. नागूबाई कुणाला खुलासा करत बसली नाही. काय सांगणार? माणूस पीत नाही, चिडत नाही, पैसे खात नाही, फक्त दुसऱ्याचं दुखणं त्याला गोड लागतं, हे बाजारपेठेत उभं राहून कुणाला पटवायचं? तिला झोप येईनाशी झाली होती, अंगठ्याची सूज मनगटापर्यंत आली होती. एवढं एक समाधान होतं की आपली पोर वाचली. आता बास, असं ती म्हणायची, आणि यावेळी तिला ते खरंच वाटत होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी दुकानात सावली पडली. तिनं मान वर केली. दारात शिवपुत्र उभा होता, पांढरा शर्ट, विभूती. मागं एक मुलगी, विशीतली, हळदीचे हात.

"मावशी, ही शिवलीला. बसवकल्याणकडची. मराठी येत न्हाय तिला अजून." तो आत येऊन आपल्या जागी बसला. "दोन-चार द्या. घट्ट बसलेल्या शोभतात."

नागूबाईला कळेना, नळदुर्गात बांगड्यांची काय दुसरी दुकानं नाहीत? तुळजापूर काय लांब आहे? जिथं आपलं लग्न मोडलं त्याच दारात हा माणूस का यावा? तिनं त्याच्याकडं बघितलं. आज तो बायकोच्या तोंडाकडं बघत नव्हता. तो नागूबाईच्या तोंडाकडं बघत होता. सावकाश, मजेत. तुला सगळं माहीत आहे ना, मग घाल बांगड्या तुझ्याच हातानं आणि मी बघतो, असं त्याचं तोंड सांगत होतं.

तिला वाटलं, उठावं आणि मागच्या दारानं निघून जावं. खरंच अंगात काही उरलं नव्हतं. मग शिवलीलानं सवयीनं हात पुढं केला. मेंदीचा वास येणारा, कोवळा, भोळा हात. तो नागूबाईच्या मांडीवर येऊन पडला.

"तोंड इकडं कर गं," नागूबाई म्हणाली, आणि मुलीचे गुडघे धरून तिला पुरती भिंतीकडं वळवली. स्वतःही भिंतीला तोंड करून बसली. आता त्याच्याकडं दोघींच्या पाठी होत्या. "दोन-चार सपल्यात," ती भिंतीकडं बघतच म्हणाली.

"त्या काय, वर दिसतात की."

"त्या तडकल्यात."

गुंडाप्पा इतका वेळ बाहेर डुलक्या घेत होता असं वाटत होतं. पण त्यानं आता आपली लोखंडी खुर्ची खरडत खरडत आत आणली आणि बरोबर मधे टाकून तिच्यात बसला. "शिवपुत्रअप्पा, या की असं, बाहेर बसू पायरीवर. गुडघ्याला वारं लागंना इथं. न्हाय तर असं करा, मला धरून उठवा तरी." तो उठेना, आणि त्याच्या धिप्पाड अंगापलीकडचं काही दिसेना. शिवपुत्र हसला, पण ते हसू टिकलं नाही. थोड्या वेळानं तो पायरीवर जाऊन उभा राहिला.

नागूबाईनं साबण लावला, हात चोळला, दोन-आठच्या ढिल्या बांगड्या काढल्या. आणि जसं सगळ्या बायकांना विचारते तसंच कन्नडमधून विचारलं, "निन्न ऊर यावदव्वा?" माहेर कुठलं, बापाचं नाव काय, घरात फोन आहे का. पोरगी माहेरच्या गोष्टीत रमली, खुलून बोलायला लागली. शेवटची बांगडी चढली तेव्हा नागूबाईनं विचारलं, दुखलं का. शिवलीलाचं हसू एकदम मावळलं. तिनं मागं दाराकडं चोरून बघितलं आणि नागूबाईचं सुजलेलं बोट घट्ट धरून ठेवलं. सोडलंच नाही.

"हेदरब्याड," नागूबाई पुटपुटली. घाबरू नको. घाबरू नको म्हणायला आपण कोण, असंही तिला वाटलं.

ती दोघं गेल्यावर तिनं गुंडाप्पाला सांगितलं, "उद्या दुकान बंद."

"का?"

"बसवकल्याणला जायचंय. हिच्या आईबापाकडं."

"तिथं कोण ऐकणार तुझं? सिद्धम्मा घरची असून ऐकत नव्हती."

"म्हाईत हाय."

तिनं मोबाइल काढला. श्रीदेवीचा नंबर होता, पण येणेगूरहून परतल्यानंतर तिनं तो कधी लावला नव्हता. रिंग बराच वेळ वाजली. नागूबाईनं फार काही सांगितलं नाही. तो आला होता, नवीन पोरगी आहे, मी उद्या तिच्या माहेरी निघालेय, एवढंच. तू ये, असं म्हणायचा तिला धीर झाला नाही. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि लांब कुठंतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा.

"मावशी," शेवटी श्रीदेवी म्हणाली, "कुठलं माप घातलं तिला?"

"दोन-आठ. ढिल्या."

पलीकडं म्हशीची घंटा पुन्हा वाजली. 

"सकाळच्या गाडीनं या," श्रीदेवी म्हणाली. "म्या फाट्यावर थांबते."